पाचवं रीळ

कोथरूडच्या व्हॉल्टमध्ये बारा अंश.
मे महिन्यात बाहेर डांबर पाघळायचं
आणि मी सायकलला स्वेटर अडकवून कामाला निघायचो.
बायको म्हणायची, काश्मीरला चाललात, मग डबा कशाला.

तिथंच भेटला मला एल्मर प्रूइट.
भेटला म्हणजे, प्रिंट तपासताना
हॉटेलच्या काउंटरमागं उभा होता.
नायकाला किल्ली दिली,
"वर, डावीकडं, शेवटची खोली" म्हणाला
आणि संपला.

पण देण्याआधी त्यानं ती किल्ली
शर्टाला जराशी पुसली.
हे त्याला कुणी सांगितलं नसणार.
कॅमेऱ्याचा सगळा जीव नायिकेच्या टोपीत.
मी रीळ मागं फिरवलं. नियमात बसत नव्हतं.

मग तो सापडतच गेला.
तारमास्तर. न्हावी.
शेरीफचा शिपाई, दारातच गोळी खाणारा.
ज्युरीतला सहावा, ज्याला खोकला आहे.
एकदा पाद्री: लग्न त्यानंच लावलं,
पण कॅमेरा तोवर वधूच्या आईकडं वळलेला.
तीस वर्षांत केस गेले, पोट आलं,
कोट मात्र कायम दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचे.
एकूण एकसष्ट वेळा. मोजणी माझी,
चुकली असेल तर एखाद्यानं.

मीही भरतला, स्पर्धेच्या नाटकात, भालदार होतो.
एकच वाक्य: महाराज, दूत आला आहे.
दूत आला नाही.
विंगेत त्याचा फेटा सुटला होता.
मी वाक्य पुन्हा म्हणालो,
मग तिसऱ्यांदा, जरा काळजीनं.
परीक्षकांनी लिहिलं, भालदार ठीक.
तो कागद आईनं पंचांगात घालून ठेवला.

त्र्याऐंशी साली मी त्याला पत्र लिहिलं.
इंग्रजी देवस्थळीसाहेबांनी तपासलं,
तीन 'द' घातले, एक काढला.
सात महिन्यांनी उत्तर. निळा कागद, थरथरतं अक्षर:
पुणे कुठं ते नातीनं नकाशात दाखवलं.
दीपगृहाचा एक सिनेमा होता.
त्यात मला चार वाक्यं होती, सलग.
आमच्या गावात तो लागलाच नाही.
तुमच्याकडं असेल का?

होता.
आठ डब्यांपैकी सात धडधाकट.
त्याचं रीळ पाचवं.
झाकण उघडलं तर व्हिनेगरचा भपकारा,
फिल्म पापडासारखी वळलेली.
चित्र गेलं होतं. कडेची ध्वनिपट्टी
कुठं कुठं जिवंत.
हातानं फिरवत, टेबलाला कान लावून
दोन दुपारी मी ती वाक्यं टिपली:

होड्या मोजल्या.
एक कमी आहे.
मी ____ बसतो.
तुम्ही झोपा.

तिसऱ्यातला तो शब्द काही केल्या लागेना.
तिथं रेघ ओढली आणि पाकीट बंद केलं.

पाकीट परत आलं.
त्यावर जांभळ्या शाईत छापलेला एक हात,
बोट माझ्याच पत्त्याकडं.
पोस्टमन बुचके म्हणाले, सही करा.

सूचीच्या कार्डावर कलाकारांची सहा नावं टाईप केलेली.
सातवं मी घातलं, पेन्सिलीनं.
शाईला साहेबांची परवानगी लागायची.

परवा वाळिंबे म्हणून एका मुलीचा फोन.
ती सगळी कार्डं आता संगणकावर चढवते, मराठीत.
काका, हे पेन्सिलीतलं नोंद म्हणून धरू
की कुणी नुसतं गिरगटलंय?
वाचता येतंय ना, मी विचारलं.
येतंय की. प्रूइट. पण 'प्रू' ऱ्हस्व की दीर्घ?

दीर्घ, म्हणालो.
तेवढं तरी दीर्घ असू दे.

पलीकडं कळा वाजल्या. चारपाचच.
मग म्हणाली, झालं,
आणि त्या रेघेच्या जागी कोणता शब्द असेल
ते मला विचारायचं कुणाला हेच सुचेना,
तर मी तिलाच विचारलं, जेवलीस का.